खाऱ्या पाण्याच्या टाकीतील पांढरे ठिपके : परजीवीची साथ आणि तिचा उपचार

या पाठासाठी बारावीपर्यंतचे जीवशास्त्र आणि थोडी त्रैराशिकाची सवय एवढे पुरेसे आहे. समुद्री मासे पाळण्याचा अनुभव नसला तरी चालेल. हा पाठ वाचल्यावर तुम्हाला दोन गोष्टी जमायला हव्यात : परजीवीच्या जीवनचक्रावरून उपचाराचे वेळापत्रक आखणे आणि औषधाची मात्रा स्वतः काढणे.

एका प्रसंगापासून सुरुवात करू. टाकीतल्या क्लाउनफिशच्या अंगावर सोमवारी मिठाच्या कणांएवढे पांढरे ठिपके दिसले. मालकाने दुकानातून एक बाटली आणली आणि सांगितल्याप्रमाणे पाच थेंब टाकले. शुक्रवारी ठिपके नाहीसे झाले, म्हणून बाटली कपाटात गेली. पुढच्या आठवड्यात एका माशावर नव्हे, सगळ्याच माशांवर ठिपके आले आणि तिसऱ्या आठवड्यात टाकी रिकामी झाली. औषधाने काम केले नाही हे उघड आहे. पण मग शुक्रवारी ठिपके गेले कसे? बाटलीत नुसते पाणी असते तरीही ते गेलेच असते. ते का, हे समजले की अर्धा पाठ समजला.

परजीवी कोण आहे

समुद्री माशांवरच्या या रोगाला शौकीन लोक ‘मरीन इक’ म्हणतात. कारण आहे क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स नावाचा एकपेशीय आदिजीव. त्याच्या अंगावर पक्ष्माभिका, म्हणजे हालचालीसाठी वापरायचे बारीक केस असतात. जपानमध्ये सिकामा यांनी १९३७ साली या रोगाची नोंद केली. परजीवीला आजचे शास्त्रीय नाव १९५१ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेशी संबंधित संशोधिका ई. एम. ब्राऊन यांनी दिले. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरचे तारापोरवाला मत्स्यालयही १९५१ सालीच सुरू झाले. हा योगायोग असला, तरी लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण हा रोग मत्स्यालयांच्या वाढीबरोबरच ठळक झाला. उघड्या समुद्रात तो क्वचितच साथीचे रूप घेतो, बंद टाकीत मात्र सहज घेतो.

गोड्या पाण्यातही असाच एक परजीवी आहे, इक्थिऑफ्थिरियस. जबलपूर जिल्ह्यातल्या पाटन तालुक्यात (साताऱ्याच्या पाटणशी गल्लत नको) तलावांत रोहू-कटला पाळणाऱ्यांना पांढऱ्या ठिपक्यांचा रोग म्हटला की हाच आठवेल. दोघांची जीवनचक्रे इतकी सारखी आहेत की ते पूर्वी जवळचे नातलग मानले जात. जनुकीय अभ्यासांनंतर ते पक्ष्माभिकाधारी जीवांच्या वेगवेगळ्या शाखांतले ठरले. म्हणजे एकाच प्रकारच्या पोटापाण्यासाठी दोघांनी स्वतंत्रपणे एकच युक्ती शोधली. उपचाराच्या दृष्टीने फरक असा की गोड्या पाण्यातल्या रोगात आपण पाण्यात मीठ घालतो, तर समुद्री रोगात मीठ काढतो. आणखी एक फरक म्हणजे गोड्या पाण्यातल्या परजीवीला तीस अंशांपुढची उष्णता सोसत नाही. समुद्री परजीवी मात्र २३ ते ३० अंश सेल्सिअसला उत्तम वाढतो, त्यामुळे हीटर वाढवून तो मरणार नाही, उलट त्याचे चक्र जलद फिरेल. गोड्या पाण्याचा उपाय डोळे मिटून खाऱ्या टाकीत वापरणाऱ्यांची हीच पहिली चूक असते.

जीवनचक्र : चार अवस्था

पहिली अवस्था ट्रोफाँट. तो माशाच्या त्वचेच्या आणि कल्ल्यांच्या बाहेरच्या पेशीथराखाली शिरतो आणि तिथे खात-फिरत वाढतो. आपल्याला दिसणारा पांढरा ठिपका हाच. पूर्ण वाढीला तो अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जातो. माशावरचा त्याचा मुक्काम साधारण ३ ते ७ दिवस असतो.

पोट भरले की तो माशाला सोडतो. आता त्याचे नाव प्रोटोमाँट. काही तास तो तळावर, दगडांवर सरपटतो आणि जागा सापडली की स्वतःभोवती कवच बांधतो.

कवचातल्या अवस्थेला टोमाँट म्हणतात. आत पेशीविभाजन सुरू होते आणि एका टोमाँटमधून दोनशेपर्यंत पिल्ले तयार होऊ शकतात. याला लागणारा वेळ फार अनियमित आहे : बहुधा ३ ते २८ दिवस, आणि प्रयोगशाळेत ७२ दिवसांपर्यंतही. एकाच दिवशी कवच बांधलेले टोमाँट एकाच दिवशी फुटतात असे नाही. उपचार अवघड होतो तो इथेच.

कवच फोडून बाहेर येतो तो थेराँट. तो पोहत माशाचा शोध घेतो. तो एक-दोन दिवस जिवंत राहू शकतो, पण माशात शिरण्याची त्याची ताकद पहिल्या सहा-आठ तासांनंतर झपाट्याने घटते. हे थेराँट बहुतांशी अंधारात, पहाटेच्या सुमारास बाहेर पडतात. खडकाळ तळाशी झोपलेला मासा त्याच वेळी सर्वात जवळ आणि सर्वात स्थिर असतो. निवडीची किमया म्हणावी ती हीच.

आता शुक्रवारचे कोडे सोडवा. ठिपके गेले, कारण ट्रोफाँट पोट भरून खाली उतरले. मासा स्वच्छ दिसत होता, त्याच वेळी टाकीच्या तळावर शेकडो कवचे भरत होती. समजा दहा ट्रोफाँट उतरले आणि प्रत्येकातून २०० थेराँट निघाले, तर ते २००० झाले. त्यातल्या वीसांपैकी एकालाच मासा सापडला असे धरले, तरी पुढच्या फेरीत १०० ठिपके येतात आणि त्यापुढच्या फेरीत १०००. समुद्रात वीसांपैकी एक हे प्रमाण अशक्य आहे, कारण पाणी अथांग आहे आणि मासा सकाळी दुसरीकडे निघून जातो. शंभर लिटरच्या काचपेटीत मासा जाणार कुठे?

मासा मरतो तो त्वचेवरच्या ठिपक्यांनी नव्हे, कल्ल्यांवरच्या ठिपक्यांनी, आणि ते तुम्हाला दिसत नाहीत. श्वास जलद होणे, खाणे सुटणे, पाण्याच्या प्रवाहासमोर तोंड करून थांबणे ही लक्षणे ठिपक्यांपेक्षा जास्त गंभीर समजा.

आधी निदान

सगळेच पांढरे काही क्रिप्टोकॅरिऑन नसते. मखमलीसारखी बारीक सोनेरी-राखाडी धूळ दिसली आणि मासे एक-दोन दिवसांत धापा टाकत मरू लागले, तर अमायलूडिनियमचा संशय घ्या. (त्याचे पहिले वर्णनही याच ब्राऊन यांनी १९३१ मध्ये केले होते.) तो पाण्याची लवणता कमी केल्याने मरत नाही, म्हणून निदान चुकले तर हातचे दिवस वाया जातात. क्लाउनफिशच्या अंगावरून बुळबुळीत पांढरी साल सुटत असेल, तर तो ब्रुक्लिनेला असू शकतो आणि त्यावर तांबे चालत नाही. डोळे धुरकट होऊन मासा अंग घासत असेल, तर चपट्या कृमींचा विचार करा. अशा माशाला तापमान आणि सामू जुळवलेल्या गोड्या पाण्यात तीन-चार मिनिटे ठेवले, तर कृमी पांढरे पडून गळतात. माशालाही आराम पडतो आणि निदानही होते.

खात्री सूक्ष्मदर्शकाखालीच होते. त्वचेवरून काचपट्टीच्या कडेने हलकेच थोडा बुळबुळीत थर घ्या, टाकीतल्याच पाण्याच्या थेंबात ठेवा आणि लगेच पाहा. स्वतःभोवती संथ गिरक्या घेणारा, अपारदर्शक, काठाला केस लवलवणारा गोळा म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन. न हलणारे, तपकिरी, नासपतीच्या आकाराचे दाणे म्हणजे अमायलूडिनियम. पदवीच्या प्रयोगशाळेतला शंभर पटींचा सूक्ष्मदर्शक याला पुरतो. पाटनसारख्या गावात हे कुठे करायचे, असे विचाराल तर जबलपूरला नानाजी देशमुख पशुचिकित्सा विज्ञान विद्यापीठाचे मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे. महाराष्ट्रात रत्नागिरीचे मत्स्य महाविद्यालय आणि मुंबईत वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. पण खरे सांगायचे तर जवळच्या कोणत्याही विज्ञान महाविद्यालयाचा प्राणिशास्त्र विभाग चालेल. साथ तुमच्या प्रवासासाठी थांबत नाही.

औषध नेमके कोणाला मारते

चार अवस्थांपैकी ट्रोफाँट माशाच्या पेशींच्या आड आणि टोमाँट कवचाच्या आड असतो. उघडा असतो तो फक्त थेराँट. पाण्यात मिसळलेली औषधे मुख्यतः त्यालाच मारतात. म्हणून मात्रा एकदा देऊन भागत नाही. प्रत्येक टोमाँट फुटेल त्या दिवशी पाण्यात औषध पुरेशा प्रमाणात असलेच पाहिजे, एका रात्रीचाही खंड चालत नाही.

आणखी एक अट आहे. खाली सांगितलेला कोणताही उपाय प्रवाळ, शेवंड, कोळंबी, शंख असलेल्या मुख्य टाकीत करायचा नाही. मासे बाहेर काढायचे आणि वाळू-दगड नसलेल्या उघड्या तळाच्या उपचार-टाकीत ठेवायचे. मुख्य टाकी माशांविना ठेवायची. ‘प्रवाळाला सुरक्षित’ म्हणून विकली जाणारी औषधे, लसूण, आले यांच्याबद्दल विद्यार्थी हमखास विचारतात. जे औषध कोळंबीला काहीच करत नाही, ते दगडातल्या कवचाला काय करणार, एवढाच माझा प्रतिप्रश्न असतो. अतिनील दिवा त्याच्यातून जाणाऱ्या पाण्यातले थेराँट मारतो. तो साथ मंदावू शकतो, पण संपवत नाही.

*तांबे.* सर्वात जुना आणि भरवशाचा मार्ग हा आहे. पाण्यात मुक्त तांब्याचे प्रमाण ०.१५ ते ०.२० मि.ग्रॅ. प्रतिलिटर हवे. त्याखाली परजीवी वाचतो आणि फार वर गेले तर मासा. ही पट्टी अरुंद आहे, म्हणून अंदाजपंचे काम चालत नाही.

गणित करू. उपचार-टाकीत ७५ सें.मी. लांब, ४० सें.मी. रुंद आणि ३४ सें.मी. उंच पाणी आहे. गुणाकार १,०२,००० घन सें.मी., म्हणजे १०२ लिटर. नळ्या आणि फिल्टरची जागा वजा करून १०० लिटर धरू. लक्ष्य ०.१८ मि.ग्रॅ. प्रतिलिटर, म्हणजे एकूण १८ मि.ग्रॅ. तांबे. आपल्याजवळ आहे मोरचूद, म्हणजे पाच रेणू पाणी धरून ठेवलेले कॉपर सल्फेट. (पाटनच्या बाजारात त्याला ‘नीला थोथा’ म्हणून मागावे लागेल. पण द्राक्षबागेच्या फवारणीचा माल इथे नको, प्रयोगशाळेच्या शुद्धतेचाच घ्या.) त्याचा रेणूभार २४९.७ आहे आणि त्यात तांबे ६३.५, म्हणजे सुमारे २५.५ टक्के. १८ ला ०.२५५ ने भागले की जवळजवळ ७१ मि.ग्रॅ. येतात. एवढे वजन घरच्या काट्यावर मोजता येत नाही. म्हणून ३.९३ ग्रॅम मोरचूद शुद्ध पाण्यात विरघळवून एक लिटर द्रावण करा. त्याच्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये १ मि.ग्रॅ. तांबे असेल. म्हणजे १८ मि.लि. द्रावण लागेल. ते एकदम ओतू नका, तीन दिवस रोज ६ मि.लि. द्या आणि दररोज तांब्याच्या चाचणी संचाने मोजा.

रोज मोजायचे, कारण समुद्री पाण्यातले कार्बोनेट तांब्याला पकडून खाली बसवते. टाकीत प्रवाळाची वाळू किंवा चुनखडीचे दगड असतील तर सकाळी टाकलेले तांबे संध्याकाळी गायब होऊ शकते. उघड्या तळाचा आग्रह यासाठीच आहे. सक्रिय कोळशाची गाळणीही काढून ठेवा. बाजारात रासायनिक बंधात अडकवलेले तांबेही मिळते. त्याचे लक्ष्य-प्रमाण आणि चाचणी संच दोन्ही वेगळे असतात, वरचे आकडे त्याला लावू नका. शार्क, पाकट यांना तांबे देऊ नये. फुलपाखरू मासे आणि छोटे एंजलफिशही त्याला नाजूक असतात.

किती दिवस? मात्रा पूर्ण झाल्यापासून मोजा. शेवटचा ट्रोफाँट सात दिवसांत माशावरून उतरेल आणि नवा चढणार नाही. म्हणजे दोन आठवड्यांनी मासा स्वतः स्वच्छ असायला हवा, पण टाकीच्या तळावर टोमाँट उरलेले असतील. तेव्हा मासा दुसऱ्या निर्जंतुक टाकीत हलवता येत असेल, तर १४ दिवस पुरतात. त्याच टाकीत ठेवायचा असेल तर तीस दिवस तांबे कायम ठेवा.

*लवणता कमी करणे.* समुद्राच्या पाण्यात लिटरला ३५ ग्रॅम क्षार असतात, माशाच्या रक्तात साधारण त्याच्या एक-तृतीयांश. म्हणून समुद्री माशाच्या शरीरातून पाणी सतत बाहेर जाते आणि तो पाणी पिऊन, क्षार कल्ल्यांतून बाहेर टाकून तोल सांभाळतो. परजीवींनी त्वचा भोसकली की हा तोल सुटतो, मासा पाण्यात राहून कोरडा पडतो. लवणता १५ ग्रॅमपर्यंत आणली की माशाचे काम हलके होते आणि परजीवी मात्र त्या पाण्यात टिकत नाही. एकाच बदलाने रोगी आणि रोगजंतू यांच्यावर उलटे परिणाम होतात, असे उपचार वैद्यकात थोडेच आहेत.

उतरवण्याची सोपी रीत अशी : रोज टाकीचे एक-चतुर्थांश पाणी काढून तेवढेच गोडे, क्लोरीनरहित पाणी घाला. ३५ चे पहिल्या दिवशी २६.३, दुसऱ्या दिवशी १९.७, तिसऱ्या दिवशी १४.८. तिथून तीन ते चार आठवडे लवणता १५ च्या वर जाऊ देऊ नका. बाष्पीभवनाने पाणी घटते पण क्षार राहतात, त्यामुळे रोज गोड्या पाण्याची भर घालावी लागते. मे महिन्यात हे विसरलात तर उपचार आपोआप मोडतो. मोजमाप रिफ्रॅक्टोमीटरने करा. उपचार संपल्यावर वर चढवताना मात्र घाई नको, दिवसाला दोन ग्रॅमच्या आत राहा.

या उपायाची मर्यादा : कमी लवणतेतही तगणारे परजीवीचे काही वाण नोंदवले गेले आहेत. दोन आठवड्यांनंतरही नवे ठिपके येत असतील तर हट्ट सोडून तांब्याकडे वळा. उलट कोकणातला जिताडा खाऱ्या-गोड्या दोन्ही पाण्यांत जगतो. तो पाळणाऱ्याला हा उपाय जवळजवळ फुकट मिळाला आहे.

*टाक्या बदलणे.* हा मला सर्वात देखणा उपाय वाटतो, कारण यात औषध नाही, नुसते जीवनचक्राचे गणित आहे. टोमाँट फुटायला किमान तीन दिवस लागतात. म्हणून दर तिसऱ्या दिवशी, ७२ तास उलटण्याआधी, मासा नव्या स्वच्छ टाकीत हलवायचा. जुन्या टाकीत उतरलेले परजीवी तिथेच मागे राहतात. सात दिवसांत सगळे ट्रोफाँट उतरतात, म्हणून बारा दिवसांत चार बदलांनी मासा मोकळा होतो. ए. कोलोर्नी यांनी इस्रायलमधल्या आयलात येथे या परजीवीवर केलेल्या कामातून ही पद्धत पुढे आली. जाळी, नळ्या, एअर स्टोन आधीच्या टाकीतून पुढच्या टाकीत नेऊ नका. दोन संच ठेवा आणि रिकामा संच धुऊन उन्हात खडखडीत वाळवा. कवच कोरडेपणाला टिकत नाही.

अडचण पाण्याची आहे. समुद्र शेकडो किलोमीटर दूर असलेल्या पाटनमध्ये प्रत्येक थेंब कृत्रिम क्षारमिश्रणातून बनवावा लागतो. ५० लिटरच्या पाच टाक्या म्हणजे २५० लिटर पाणी, आणि त्याला जवळजवळ नऊ किलो मिश्रण. स्वयंपाकाचे मीठ चालणार नाही, त्यात मॅग्नेशियम-कॅल्शियमचे योग्य प्रमाण नसते. ज्याच्याकडे दोन मासे आहेत त्याने ही पद्धत घ्यावी. ज्याच्याकडे वीस आहेत त्याला तांबे परवडेल.

उपचार-टाकीत मासे मरतात ते अमोनियाने

हे वेगळ्या मथळ्याखाली लिहिण्याचे कारण आहे. नव्या टाकीत नायट्रीकरण करणारे जिवाणू नसतात. समुद्री पाण्याचा सामू ८.२ च्या आसपास असतो आणि त्या सामूला अमोनियाचा विषारी भाग वाढतो. मालक परजीवीशी लढत असतो आणि मासा अमोनियाने जातो. उपाय साधा आहे : निरोगी टाकीत एक स्पंजचा फिल्टर कायम पडून राहू द्या, म्हणजे वेळ आल्यावर जिवाणू तयार मिळतात. आजारी टाकीतला स्पंज मात्र घेऊ नका, त्यावर टोमाँट असतील. अमोनिया रोज मोजा, खाणे थोडे द्या, उरलेले तासाभरात काढा. वीज जाण्याची शक्यता असेल तिथे बॅटरीवरचा एअर पंप हाताशी हवा. कल्ले जखमी असलेल्या माशाला हवेविना दोन तासही भारी पडतात.

रिकामी मुख्य टाकी

मासे नसले की थेराँटला यजमान मिळत नाही आणि तो मरतो. प्रवाळावर किंवा कोळंबीवर हा परजीवी जगत नाही. पण सर्व टोमाँट फुटून जाईपर्यंत थांबावे लागते. २७ अंशांना सहा ते आठ आठवडे बहुधा पुरतात. सावध लोक ७२ दिवसांची नोंद डोळ्यांसमोर ठेवून ७६ दिवस थांबतात, आणि मीही तेच सांगेन. थंडीत हीटर बंद करू नका. जबलपूरच्या जानेवारीत पाणी गारठले तर कवचे मरत नाहीत, फक्त उशिरा फुटतात आणि तुमची दिनदर्शिका चुकते.

वाचलेल्या माशांत काही महिने टिकणारी अपुरी प्रतिकारशक्ती येते. म्हणूनच ‘माझ्या टाकीत रोग आपोआप गेला’ असे सांगणारे भेटतात. त्यांच्या माशांच्या कल्ल्यांत थोडे परजीवी टिकून असतात आणि पहिला नवा मासा आणला की तो बळी पडतो. नवा मासा, मग तो कितीही तजेलदार दिसो, आधी महिनाभर वेगळ्या टाकीत ठेवायचा. नवा दगड किंवा प्रवाळही वेगळा ठेवायचा, त्यावर कवच येऊ शकते. (भारतीय किनाऱ्यावरचे खडक बांधणारे प्रवाळ वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत, ते उचलून आणणे गुन्हा आहे.)

तांब्याचे वापरलेले पाणी गटारातून नाल्यात आणि तिथून हिरन नदीत किंवा शेजारच्या मत्स्यतळ्यात जाऊ देऊ नका. गोड्या पाण्यातल्या गोगलगाई आणि सूक्ष्म कवचधारी जीवांना तांबे फार कमी मात्रेतही घातक असते. सक्रिय कोळशातून दोन-तीन दिवस फिरवून, चाचणीत तांबे शून्याजवळ आल्यावरच ते टाकून द्या. शेतात मात्र ओतू नका, त्यात मीठ आहेच.

सोडवून पाहा

१. वरच्या १०० लिटरच्या टाकीत तांबे ०.१८ मि.ग्रॅ. प्रतिलिटर आहे. अमोनिया वाढल्यामुळे तुम्ही २० लिटर पाणी बदलले. नव्या पाण्यात साठ्याचे द्रावण किती मि.लि. मिसळाल? (उत्तर : ३.६)

२. टाकीची लवणता ३२ आहे. रोज एक-चतुर्थांश पाणी बदलल्यास ती १४ च्या खाली जायला किती दिवस लागतील? (उत्तर : ३)

३. एका विद्यार्थ्याने टाक्या दर पाच दिवसांनी बदलल्या आणि उपचार फसला. कोणत्या अवस्थेला किती वेळ मिळाला ते जीवनचक्राची आकृती काढून दाखवा.